फुलपाड्यातल्या दोन नळ्या

रॅकमध्ये सत्तावीस नळ्या होत्या: एकोणीस जांभळ्या टोपणांच्या, सहा लाल, दोन राखाडी. इझाबेलने त्या पुन्हा मोजल्या, कारण काचेपलीकडे लॅबचे डॉक्टर नव्या मुलीला, उन्नतीला, झापत होते आणि तिला तिकडे पाहायचं नव्हतं.

काल फुलपाड्यातल्या दोन गरोदर जावांचं रक्त तपासलं होतं. रिपोर्टात धाकट्या जागृतीचं हिमोग्लोबिन ११.२, म्हणजे ठीक आलं, थोरल्या क्षितिजाचं ६.८, धोक्याइतकं कमी. आज सकाळी चक्कर येऊन पडली ती मात्र जागृती. कम्प्युटरवर नावं उन्नतीने टाकली होती. अदलाबदल तिचीच, असं डॉक्टरांनी ठरवूनही टाकलं. सोमवारपासून येऊ नकोस, म्हणाले.

रक्त घ्यायला इझाबेल गेली होती. नळीवर नावाची चिठ्ठी पेशंटसमोरच चिकटवायची, हे नव्या मुलींना तीच शिकवायची. काल घाई होती. दोन्ही नळ्या एप्रनच्या खिशात टाकून ती जिना उतरली आणि चिठ्ठ्या खाली स्कूटरच्या सीटवर लावल्या.

उन्नती डबा पिशवीत भरत होती.

"आंटी, रविवारी चर्चमध्ये माझ्यासाठी पण मागा हां काहीतरी. दुसरीकडे जॉब लागू दे म्हणून."

इझाबेल पुन्हा रॅककडे वळली. दर रविवारी भुईगावच्या चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत ती छातीवर मूठ मारून अपराध कबूल करायची. पण तिथे सगळ्यांच्या मुठी एकदम पडतात. एकटीची कुणाला ऐकू येत नाही.

तिने फ्रिजमधून कालच्या नळ्या काढल्या. चिठ्ठ्यांवरची नावं आणि नंबर कम्प्युटरशी तंतोतंत जुळत होते. नळ्या घेऊन ती केबिनमध्ये गेली.

"उन्नतीने बरोबर टाकलंय, डॉक्टर. चिठ्ठ्या मी खाली येऊन लावल्या."

डॉक्टरांनी चष्मा काढला. एकोणीस वर्षांत तिच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती. मी हे ऐकलंच नाही असं समजू, ते हळूच म्हणाले. पोरगी नवी आहे, तिला कुठेही काम मिळेल. तुम्हाला या वयात कोण ठेवणार?

"तुम्ही ऐकलंत," इझाबेल म्हणाली आणि दार उघडून तिने उन्नतीला आत बोलावलं. तिच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं.

उन्नतीने डब्याची पिशवी खाली ठेवली. "मग मघाशी का नाय बोललात?"

"घाबरले."

रक्त पुन्हा घ्या, डॉक्टर म्हणाले. नळ्या खरंच बदलल्या असतील, तर उन्नती राहील आणि इझाबेलचं काम आजच थांबेल.

दुपारी दोघी फुलपाड्याला गेल्या. सुई उन्नतीने टोचली. इझाबेलने दोन्ही जावांना नाव विचारून तिथेच चिठ्ठ्या लावल्या.

चार वाजता मशीनने आकडे दिले. क्षितिजा, ११.१. जागृती, ६.७.