उशीवर जळणारा रंधा

मी एक जुना रंधा आहे, मित्रांनो. लाकूड गुळगुळीत करणं हा माझा धंदा, आणि एका उशीवर जळणं हा माझा छंद.

माझे मालक सुतार मिस्त्री; त्यांच्या वडिलांनी मला एका पडलेल्या झाडाच्या बुंध्यातून घडवलं. पोटात पोलादी पातं बसवलं, वरून पाचर ठोकली. माझ्या तोंडातून निघालेला पहिला छिलका इतका लांब होता, की तो दारातून बाहेर पडला आणि समोरच्या शिंप्यानं रिबीन समजून मोजायला घेतला. शंका घेऊ नका. रंधा खोटं बोलत नाही. फार तर थोडं तासून सांगतो.

पुढे मी मिस्त्रींच्या हाती आलो. चाळीस वर्षं आम्ही टेबलं केली, पाळणे केले, शाळेचे बाक केले. "काय हात आहे!" असं लोक म्हणायचे. हात! हातात कोण होतं, ते कुणी विचारलं नाही. पण माझं काही म्हणणं नव्हतं, कारण मिस्त्री मला ओढू लागले की जगाला विसरायचे. पुढे जाताना श्वास सुटायचा, मागे येताना भरायचा. दुसरं काही नाही.

मग कामं वाढली. मिस्त्री घाई करू लागले, गिऱ्हाइकांवर खेकसू लागले. एकदा रागाच्या भरात त्यांनी मला खिळ्यावरून फिरवलं. माझ्या पात्याचा दात पडला आणि मिस्त्रींना घेरी आली.

डॉक्टरीणबाईंनी बीपी मोजलं आणि बजावलं, "महिनाभर कामाला हात लावायचा नाही. रोज शांत बसायचं. आकडा उतरला नाही, तर दुकान बंद करा."

मिस्त्रींची लेक त्याच संध्याकाळी ती घेऊन आली. निळी, गोल, गुबगुबीत. ध्यानाची उशी! तिला खिडकीपाशी जागा मिळाली, रोज ऊन मिळालं. मला मिळाली फळी, शेजारी डिंकाचा वाळका डबा. त्यातच कोपऱ्यावरचा हॉटेलवाला येऊन गेला. "दुकान बंद केलंत तर हा रंधा मला द्या. भिंतीवर शोभेला टांगतो."

शोभेला! मला!

मी रोज फळीवरून टक लावून बघायचो. लेक म्हणाली होती, "बाबा, पाठ ताठ ठेवून बसा." झालं! मिस्त्रींनी बायकोला हाक मारली.

"अगं, गुण्या आण आणि पाठीला लावून बघ, काटकोनात आहे का."

"अहो, तुम्ही माणूस आहात की कपाट?"

तरी बायकोनं गुण्या लावला. मग मिस्त्रींनी डोक्यावर लेव्हल ठेवायला लावली, ती बुडबुड्याची काचनळी असते ना, तीच. बुडबुडा मधोमध राहावा म्हणून श्वास रोखून, डोळे गच्च मिटून ते वीस मिनिटं बसायचे. लालबुंद व्हायचे. उठल्यावर लेक बीपी मोजायची, तर आकडा आणखी वर!

पहिल्या दिवशी मी खूश झालो. दुसऱ्या दिवशीही. म्हटलं, बरी जिरली गुबगुबीत बाईची! पण पंचविसाव्या दिवशी मिस्त्रींनी हॉटेलवाल्याला निरोप धाडला, "पुढच्या आठवड्यात या." तेव्हा माझ्या पाचरीत कळ आली. उशी हरली, की मीही भिंतीवर! जळूनही चालेना, न जळूनही चालेना.

अठ्ठाविसाव्या दिवशी स्वयंपाकघराचं दार चौकटीत अडकलं. बायको बाजारात, लेक कामावर. मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं आणि चोरासारखं मला खाली घेतलं. धारेच्या दगडावर माझं पातं सावकाश घासलं, पडलेल्या दाताची खाच जाईपर्यंत. दार बिजागऱ्यांतून उतरवून आडवं टाकलं. मग सर्रर... सर्रर... पुढे जाताना श्वास सुटला, मागे येताना भरला. घाई कुणालाच नव्हती. कागदासारखे पातळ छिलके पायाशी साचले. काम संपलं, तेव्हा मिस्त्री दाराला टेकून नुसते बसून राहिले.

तेवढ्यात लेक दारात! "बाबा! दोन दिवस राहिले होते! थांबा, किती चढलंय बघते." तिनं रागारागानं दंडाला पट्टा बांधला. आकडा बघितला. पट्टा सोडून पुन्हा बांधला.

"बाबा, हा तर उतरलाय! काय विचार करत होता?"

"विचार कसला? पातं कुठे अडतंय, तेवढं ऐकत होतो."

"मग हेच ध्यान की हो! आणि उशीवर तुम्ही श्वास का कोंडता?"

"बुडबुडा हलतो ना."

"हलू दे की!"

दुसऱ्या दिवशी लेव्हल पेटीत गेली. मिस्त्री उशीवर बसले ते रंधा मारल्यासारखा श्वास घेत, सोडत. आकडा तिथेही उतरला. डॉक्टरीणबाईंनी नव्यानं सांगितलं: सकाळी थोडं बसायचं, मग काम करायचं, पण असंच, सावकाश.

हॉटेलवाला रिकाम्या हातानं गेला. पण खरं सांगू? मला अर्धं कौतुक पुरत नाही. खिळ्यावरून फिरवणारा हात आता आधी निवतो, ती करणी उशीची, हे मला ठाऊक आहे. मान्य मात्र मी फक्त तुमच्यापाशी करतो.

गेल्या वर्षी उशी बसून बसून पापड झाली. लेक नवी आणणार होती. मिस्त्री म्हणाले, "कशाला?" त्यांनी शिवण उसवली, आतला चपटा कापूस काढला आणि माझे छिलके ठासून भरले. आता मिस्त्री डोळे मिटून बसतात, तेव्हा खालून हळूच कुरकुर आवाज येतो. तो मी!

मित्रांनो, तुमच्या घरी असं एखादं जुनं अवजार असेल, तर त्याला भिंतीवर टांगू नका. तेलाचा हात द्या, धार लावा आणि श्वास न कोंडता कामाला घ्या. थकलात तर खुशाल उशीवर बसा. फक्त माझ्यासमोर तिला थोपटू नका. थोपटायचंच असेल, तर आधी मला.