शनीची फेरी

केंद्रप्रमुख मधुकरराव शाळेत शिरले की भल्याभल्या शिक्षकांच्या हातातला खडू मोडतो. शिक्षक त्यांना पाठीमागे साडेसाती म्हणतात ते उगीच नाही. आज ते साकोलीहून खास मेघाचा पाठ बघायला आले होते. शिक्षणसेवक म्हणून तिची तीन वर्षं भरत आली होती. त्यांचा शेरा चांगला पडला तर नोकरी कायम, नाहीतर सगळं टांगणीला. 

अशा दिवशी शहाण्या माणसानं पुस्तक उघडून मुकाट शिकवावं की नाही? पण हिला भलतंच सुचलं. धडा होता ग्रहांचा. सूर्यापासून जो जितका दूर, त्याचं वर्ष तितकं मोठं, एवढंच सांगायचं होतं. शाळेमागे बाबुलालच्या खळ्यावर धानाचं चुरणं चाललं होतं. मधल्या खांबाला एका ओळीत बांधलेले चार बैल धान तुडवत गोल फिरत होते. मेघा अख्खी सातवी तिथं घेऊन गेली.

"खांब म्हणजे सूर्य," ती म्हणाली. "खांबाजवळचा बैल बुध, सगळ्यात बाहेरचा शनी. आता पाहा, फेरीले कोनाले जास्त वेळ लागते?"

मुलं बघत राहिली. एक फेरी झाली, दुसरी झाली. पुढे उभी असलेली रीता म्हणाली, "मॅडम, दोघंही संगच आले. शनी तं उलटा जोरात चालून राहिला. बुधच जागच्या जागी पाय घासते."

खरंच होतं ते. एका दोरातले बैल, फेरी एकदमच पुरी करणार, आणि बाहेरच्याला जास्त भराभर पाय उचलावे लागणार. जन्मभर खळी बघितलेल्या बाईला हे आधी सुचू नये म्हणजे कमाल झाली.

मधुकररावांनी चष्मा पुसला. "म्हनजे शनीचं अन् बुधाचं वर्ष सारखंच म्हना की, मॅडम."

 बैल थकलेत म्हणावं आणि वर्गात परतावं, असं मेघाच्या मनात येऊन गेलं. मग तिची नजर दोरावर गेली.

"नाही जी सर. मीच चुकली. हे बैल बांधले हायत. ग्रहांले असा दोर नाही, ज्याचा तो मोकळा फिरते."

तिनं बाबुलालला बैल सोडायला सांगितलं आणि तुडवलेल्या धानाच्या तणसात टाचेनं एकाबाहेर एक गोल काढले. आत रीता, बुध. मधे एक पोरगा पृथ्वी, त्याच्या बाहेर एक गुरू. "सूर्याजवळ ओढ जास्त, म्हनून बुध पळते. दूर गेलं का ओढ कमी, चाल हळू. अन् रस्ताही लांब. म्हनजे दोन्हीकडून उशीर. आता शनी कोन होते?"

कुणी पुढे येईना. हळू चालायला कुणाला आवडतं?

"सर, तुम्ही व्हा ना," रीता म्हणाली. मेघाला धरणी दुभंगावी असं झालं.

"माह्याशिवाय कोन होनार?" मधुकरराव म्हणाले. "मास्तर लोक काय म्हनतात ते मले माहीत हाय." आणि चपला खळ्याबाहेरच काढून आलेले ते गृहस्थ हात मागे बांधून बाहेरच्या गोलावर चालू लागले.

रीता धापा टाकत पळत होती. पृथ्वीच्या फेऱ्या झाल्या, गुरूची झाली. शनी अजून अर्ध्यावर. शाळेची घंटा वाजली तशी मुलं चुळबुळू लागली.

"थांबा," मधुकरराव तिकडूनच म्हणाले. "माही फेरी व्हाची हाय."

मेघा खांबापाशी उभी राहून त्यांच्याबरोबर वळत होती. त्यांचा चेहरा वाचता येईना. एवढा वेळ हा माणूस काय लिहायचं तेच ठरवत असणार, असं तिला वाटत होतं.

शेवटी ते आले. "खरा शनी तीस वर्षं लावते म्हनतात. मले एवढ्यातच दम लागला. बैल चुकले, मॅडम. पाठ नाही चुकला. शेरा चांगला लिहतो. घरी सांगून द्या, कायम झाल्या समजा."

मेघा तिथंच तणसावर मटकन बसली. बोलायला गेली तर डोळेच वाहू लागले, आणि तिनं ते पुसलेही नाहीत. तीन वर्षांत इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

आतल्या गोलातून लालबुंद तोंडाची रीता पळता पळता म्हणाली, "मॅडम, मी थांबू का जी? बुधाले कोनी काही सांगतच नाही."

"थांब गं बाई," मेघा रडता रडता हसली. "ये, बस इथं. झालं आपलं."