बाबांच्या नावाने दिलेली जीप

जीप खडखडत, धूर सोडत अंगणात शिरली तेव्हा आई कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिने मान वर केली, गाडी ओळखली आणि भांडं तिथेच ठेवून घरात जाऊन बसली. डोरिन मात्र हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. हा माझा धाकटा भाऊ. इतकी वर्षं स्पेनमध्ये लोकांच्या घरांना फरशा बसवल्या, आणि येताना अक्कल तिथेच विसरून आला. हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

जीप बाबांचीच. आमच्याच देशातल्या कॅम्पुलुंगच्या कारखान्यात बनलेली, आरो कंपनीची हिरवी गाडी. जंगलात ओंडका पडून बाबांचा डावा गुडघा वाकेनासा झाला, तेव्हा त्यांनी क्लचला एक लोखंडी दांडी जोडून घेतली आणि हाताने क्लच दाबत ते गावभर हिंडायला लागले. शेजारच्या घरी जायचं तरी जीप. ते गेले त्या दिवशी आईने पाद्रीबाबांसमोर मेणबत्ती लावली आणि गाडीची किल्ली गावातल्या तोमाच्या हातात ठेवली, पेत्राकेच्या, म्हणजे बाबांच्या, आत्म्यासाठी म्हणून. आमच्याकडे मेलेल्याच्या नावाने जे जिवंत माणसाला द्यावं, ते त्याला पलीकडे वापरायला मिळतं. लोक घोंगडी देतात, बादली देतात, फार तर खुर्ची. आईने जीप दिली तेव्हा सगळ्या गावाने तोंडात बोटं घातली. आई म्हणाली, लंगडा माणूस आहे, तिथे चालेल कसा?

डोरिनला तेव्हा सुट्टी मिळाली नाही. बाबांना मातीत ठेवताना त्याने फोनवर पाहिलं. यंदा तो परत आला आणि तोमाच्या गोठ्यामागे ती जीप गंजलेली, आत कोंबड्या बसलेली पाहून त्याला राहवलं नाही, हे मला कळतं. पण त्याने ती विकत मागितली, आणि तोमाने विकली! दानाची वस्तू विकणारा एक शहाणा आणि घेणारा दुसरा.

"बाबांचीच गाडी आहे ना? मी काय परका आहे?" डोरिन म्हणाला.

"तुझी नाही ती. त्याची आहे," आई आतून म्हणाली. "आता तो पायी निघाला असेल."

डोरिन हसला आणि कामाला लागला. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, इंजिन उतरवून पुन्हा बसवलं, हिरवा रंग जुळेपर्यंत दुकानदाराचं डोकं खाल्लं. सीटचं कापड फाडलं तेव्हा बाबांच्या तंबाखूचा वास सगळ्या अंगणात पसरला. क्लचची दांडी तेवढी त्याने काढली नाही. दोन्ही पाय धडधाकट असताना हा बाबांसारखाच डावा पाय ताठ ठेवून गाडी चालवायचा. तो वळणावर दिसला की म्हातारी माणसं टोपी काढायची आणि मग भानावर येऊन छातीवर क्रूसाची खूण करायची. मला ते बघवत नसे.

इकडे आई रोज सकाळी बाबांची बातमी द्यायची. काल तो पुलापर्यंत आला होता. बूट हातात होते. मग चर्चपर्यंत. मग आमच्या फाटकापर्यंत. झोपण्याआधी ती फाटकाशी पाय धुवायला परात भरून ठेवायला लागली, आणि स्वतः केस विंचरून सणाचा रुमाल बांधून झोपायला लागली. सकाळी परातीतलं पाणी गढूळ असायचं. मी म्हणायचे, कुत्र्याचं काम. मग कुत्र्याला मी माझ्या घरी नेऊन बांधलं, तरी पाणी गढूळच.

एके दिवशी आई खुर्चीतून उठली आणि तिचा डावा गुडघा वाकेना. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, फोटो काढला, काही नाही म्हणाले. आई लंगडत घरभर फिरायला लागली. पाद्रीबाबांनी डोरिनला बोलावून सांगितलं, गाडी पुन्हा देऊन टाक, ज्याला दिली होती त्यालाच. घरी येऊन तो माझ्यावरच घसरला.

"तुम्ही त्यांना पुरलंत, व्हिओरिका. मी नाही. मला एवढं तरी ठेवू द्या."

मला रडू आलं. मी म्हटलं, "बाबा तर गेलेच रे. आता हिलाही चालत पाठवायचं का त्यांच्या मागे?"

मृतांच्या शनिवारी त्याने गाडी धुतली. आईने मेलेल्यांच्या नावाने वाटायचा गव्हाचा गोड कोलिवा शिजवला. मान खाली घालून तोमा आला आणि त्याने यापुढे गाडी कुणालाही विकणार नाही, अशी क्रूसावर हात ठेवून शपथ घेतली. डोरिनने मेणबत्ती आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

"बाबांच्या आत्म्यासाठी," तो म्हणाला.

जीप चढावर दिसेनाशी झाली तरी तो फाटकाशीच उभा होता. बाबा गेल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. बरं वाटलं मला. वाटलं, आता तरी या घराची सुटका झाली.

दुसऱ्या सकाळी आई गुडघा नीट वाकवून पायऱ्या उतरली. मी विचारलं, आले होते का?

"गेला," ती म्हणाली. "गाडीत बसून माझ्यासमोरून गेला. चांगला दिसत होता. मी हात केला, पण थांबला नाही."

मी म्हटलं, देव पावला. त्या रात्री काही नाही, त्यानंतरही नाही. रोज सकाळी मी विचारायचे आणि ती नुसती मान हलवायची. हळूहळू तिने जेवण टाकलं, कोंबड्यांकडे बघेना. रविवारी आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो. आईने सूप बाजूला सारलं आणि डोरिनचा हात धरला.

"पायी होता तेव्हा रोज यायचा," ती म्हणाली. "तोमाला विचार ना रे. देईल का तो गाडी परत?"