बुधवारचं पहिलं अक्षर

दुसरीच्या वर्गात बाई त्या आठवड्यात मोठी अक्षरं शिकवत होत्या. इंग्रजीत गावाचं आणि वाराचं नाव मोठ्या अक्षरानं सुरू करायचं, एवढाच धडा. पण तो पोरांच्या गळी उतरेना. एकानं बेडकालाही मोठं अक्षर बहाल केलं. दुसरा तर ‘मामाचं गाव’ हेच गावाचं नाव आहे म्हणून हटून बसला.

ठकी मात्र पटकन शिकली. आपलं गाव, शेजारचं गाव, सोमवार, मंगळवार, सगळं बरोबर. चुकायचा फक्त बुधवार. त्याचं पहिलं अक्षर ती दर वेळी बारीकच काढायची. बाईंनी समजावलं, पुन्हा लिहायला लावलं, तरी तेच.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. ठकीचे आईवडील वेगळे राहत होते, आणि दर बुधवारी ठकी शाळेतून वडिलांकडे जायची. बाईंनी दोघांनाही बोलावून घेतलं.

आई औषधांच्या दुकानातून पांढऱ्या कोटातच आली. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, ते ग्रीसचे हात पुसत आले. पोरांच्या बुटक्या बाकांवर दोघं गुडघे पोटाशी घेऊन बसले, मधे एक बाक सोडून. बाईंनी चाचरतच सगळं सांगितलं.

“मला वाटलंच होतं,” आई म्हणाली. “बुधवारी सकाळी ती धड खातसुद्धा नाही.”

“माझ्याकडे तर हसतखेळत असते,” वडील म्हणाले.

“तुला दाखवत नसेल.”

आता जुंपणार, असं बाईंना वाटलं. पण वडिलांनी मान खाली घातली. “तिला नको असेल तर बुधवार बंद करू. मी अधूनमधून येऊन नुसता भेटून जाईन.”

आईला हे अपेक्षित नव्हतं. एका अक्षरावरून गोष्ट कुठल्या कुठे गेली होती! बाईंनी उठून दार उघडलं. ठकी व्हरांड्यात लंगडी घालत होती.

“ठके, आत ये बघू. बुधवारचं पहिलं अक्षर बारीक का काढतेस गं? बुधवार आवडत नाही तुला?”

“आवडतो की!” ठकी धापा टाकत म्हणाली. “पण बारीक गोल डब्ल्यू येतो, मोठा टोकदार मला येतच नाही. काढला की त्याचा एम होतो. फळ्यावर काढला तेव्हा सगळे फिदीफिदी हसले.”

“आणि सकाळी खात का नाहीस?” आईनं विचारलं.

“बाबांकडे गेल्या गेल्या खूप खायचं असतं ना. पोटात जागा नको?”

मग वडील जे हसत सुटले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांनी तसाच हात फिरवून डोळे पुसले, तर गालभर ग्रीस. ते बघून आईलाही हसू आवरेना. “अरे, आरशात बघ जरा!” म्हणत तिनं रुमाल पुढे केला.

“व्ही येतो ना?” बाईंनी ठकीच्या हातात खडू दिला. “मग दोन व्ही एकमेकांना चिकटवून काढ.”

पहिला वाकडा आला, दुसरा झकास. मग ठकी थांबेचना. हात पोचेल तिथवर फळा भरून टाकला.

निघताना आई वडिलांना म्हणाली, “बुधवारी नेशील तेव्हा दप्तर तू धर. फार जड झालंय.”

“बरं,” वडील म्हणाले.

ते गेल्यावर बाई खुर्चीत धपकन बसल्या. सकाळपासून तसाच पडलेला डबा त्यांनी उघडला आणि गार झालेली भाजी बोटं चाटून खाल्ली.