दादाच्या नावामागचा ‘यी’

फ्लॉरेन्सला पहिला मुलगा झाला, त्या वर्षीची गोष्ट. फ्लॉरेन्स ही विल्टनची लेक. विल्टन तेव्हा थकला होता, चार पावलांत धाप लागायची. आपलं जमातीतलं नाव नातवाला देऊन मोकळं व्हावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. नाव होतं ‘पाण्यातून परतलेला’. कॅनडातल्या ब्लॅकफूट आदिवासी लोकांत नाव नुसतं देत नाहीत, ते कशानं मिळालं हे चारचौघांत सांगतात. विल्टनला दम पुरेना, म्हणून ते काम धाकट्या भावाकडे, रूफसकडे आलं.

जेवणाला सगळे जमले. बेरीचं सूप, तळलेल्या रोट्या, चहा. समोरच क्लॅरेन्स बसला होता. तरुणपणी विल्टननं बेली नदीच्या पुरातून ओढून काढला, तो हाच. आता तो पंचांत होता आणि नवी घरं कुणाला मिळणार, यात त्याचा शब्द चाले. रूफसचं छप्पर दोन हिवाळे गळत होतं.

त्यांच्या बोलीत दोघांची गोष्ट सांगायची, तर एकच जण पुढे उभा राहतो. त्याच्या नावामागे ‘वा’ लागतो. दुसरा मागे सरतो, त्याला ‘यी’. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. कोणी कुणाला वाचवलं यावर ते ठरत नाही. गोष्ट कुणाची, यावर ठरतं.

रूफस उठला. क्लॅरेन्सकडे बघून हसला आणि म्हणाला, “क्लॅरेन्सवा...”

जीभ घसरली म्हणावी, तर पुढच्या वाक्यात सावरता आली असती. त्यानं सावरली नाही. क्रियापदंही तशीच वळवत नेली. शेवटपर्यंत बुडणारा क्लॅरेन्स पुढे, आणि त्याला ओढणारा विल्टन ‘यी’, काठावरचा कुणीतरी. शब्द एकही खोटा नव्हता.

म्हातारी मॅगीआत्या मोठ्यानं म्हणाली, “काय रे, पोराचा आजा कोण मग? क्लॅरेन्स?”

“मग नावही ‘पाण्यात पडलेला’ ठेवा!” मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. क्लॅरेन्सनं मान खाली घातली.

“राहू दे, आत्या,” विल्टन म्हणाला. “नदीला तरी कुठं ‘वा’ लावला त्यानं?”

पुन्हा हशा झाला. रूफसला धरणी दुभंगावी असं वाटलं.

बाहेर पिकअपपाशी त्यानं भावाला गाठलं. “दादा, मी परत सांगतो. आत्ता, सगळ्यांसमोर.”

“पोराच्या कानात गेलं ते गेलं.” विल्टननं श्वास घेतला. “छप्पर गळतंय, हे मला सांगायचंस ना, वेड्या. बसून का होईना, पत्रे धरले असते मी.”

घर एका विधवेला मिळालं. पण रूफसला त्याचं काही वाटलं नाही. तो विल्टनच्या घराआधीच्या वळणावरच पिकअप वळवायचा. एकटा असला की गाडी चालवता चालवता म्हणायचा, विल्टनवा, विल्टनवा, आणि पुढची सगळी गोष्ट नीट सांगायचा. फ्लॉरेन्सनं निरोप पाठवला, “काका, बाबा वाट बघतात.” जाईन म्हणाला. गेला नाही.

विल्टनच्या मातीच्या दिवशी त्यानं बाळाला मांडीवर घेतलं आणि पहिल्यापासून सांगितलं, दादाला पुढे ठेवून. बाळ त्याच्या शर्टाचं बटण चोखत होतं. मॅगीआत्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

विल्टन मार्चमध्ये वारला, गरम वारा सुटून नदीवरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात.