तिसरं मत

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचा शेवटपर्यंत बसला नाही. आमच्या पाद्रींनी तर पापनिवेदनाच्या वेळी हात जोडून सांगितलं होतं, बास्त्यान, पापं सांग, गोष्टी नकोत. पण गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, आणि गेली अकरा वर्षं दर रविवारी देवळातली मिस्सा संपली की तेर्यो पारेच्या दुकानात बसून मी ती सांगत आलो आहे.

दुकान म्हणजे एक छप्पर आणि बर्फ किसायचं एक हातयंत्र. तेर्यो स्वतः दांडा फिरवतो. वाडग्यात किसलेला बर्फ, त्यावर गोड घेवडे, नारळाचे काप, दूध आणि वर जांभळ्या कंदाच्या लगद्याचा एक गोळा. पहिलं वाडगं माझं. त्यात गोळे दोन. पैसे विचारले तर तेर्यो रागावतो. मंडळींना एक बाक, आणि दोन खुर्च्या, पलीकडची त्याची, अलीकडची माझी. तिथे दुसरं कुणी बसत नाही. का बसत नाही, तीच गोष्ट.

त्या रविवारी गावच्या संताचा सण होता. पर्पेतुआ बाई अकरा वर्षांनी मनिलाहून लेकीकडून आल्या होत्या. अर्ध्या गावाला त्यांनी छडीनं बाराखडी शिकवलेली. बाकाच्या टोकाला बसून त्या हळूहळू बर्फ खात होत्या. तेर्योनं दांडा थांबवला आणि मला म्हणाला, "पारे, बाईंनी ऐकलेली नाही. सांग."

मी म्हटलं, आज घसा बसलाय. पण बाकावरच्या मंडळींनी ऐकलं नाही. माझी एक ओळ त्यांना पाठ आहे, ती आली की सगळे मिळून म्हणतात, आणि सणाच्या दिवशी तीच नको म्हणून कसं चालेल? मग मी सुरुवात केली.

तेर्योनं धंदा सुरू केला तो लढाईनंतर टाकून दिलेल्या एका गंजक्या बर्फयंत्रावर. एलेउतेरिओ माग्साम्बोल हे त्याचं पूर्ण नाव, पण नाव उच्चारेपर्यंत बर्फ वितळतो म्हणून सगळे तेर्यो म्हणायचे. त्याच्या बर्फाची लादी इतकी नितळ, की एकदा एक रेडा समोर काही आहे हे न कळून सरळ चालत गेला आणि कपाळाला टेंगूळ घेऊन परत आला. पाद्री तिच्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचायचे. एक लादी आठ तासांच्या अंतरावरच्या बेटावर पाठवली, ती पोचली तेव्हा निघाल्यापेक्षा जड भरली, कारण वाटेत दोन मासे येऊन चिकटले होते.

कोळ्यांना बर्फ लागतो. नाव रिकामी आली तरी तेर्यो पुढच्या खेपेचा बर्फ द्यायचा, फक्त शब्दावर. म्हणून गावानं त्याला आधी वाडीचा कप्तान केलं, मग नगराध्यक्ष, मग प्रांताचा उपराज्यपाल. प्रत्येक पायरीला बारशांची आमंत्रणं वाढत गेली. आमच्याकडे पोर झालं की मोठा माणूस धर्मबाप लागतो, आणि तेर्यो कुणाला नाही म्हणायचा नाही. एका रविवारी त्यानं सत्तावीस पोरं हातावर घेतली. अठ्ठाविसावं हातात आलं ते डुक्कर निघालं, तरी त्यानं त्यालाही आशीर्वाद दिला. माझ्या थोरल्याचाही धर्मबाप तोच. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांचे पारे, म्हणजे धर्माच्या नात्यानं भाऊ. सख्ख्या भावाशी भांडता येतं. पारेला पाठ दाखवता येत नाही.

इथे मी बाईंकडे पाहिलं. त्या घेवडा चावत होत्या.

मग तेर्यो राज्यपालपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. समोर वकील बुएनाफे, प्रांताच्या राजधानीचा माणूस, पायात पांढरे बूट. त्याच्याकडे बर्फ नव्हता, मासा नव्हता, गावात ओळख नव्हती. मतदानाच्या आदल्या रविवारी त्यानं आमच्या देवळात एकदम चाळीस पोरांचा धर्मबाप व्हायचं कबूल केलं. प्रत्येक पोराच्या घरात एकाला राजधानीत नोकरी, असा निरोप आधीच फिरला होता. मांडवात अख्खी वाडी जेवली. तेर्योलाही आमंत्रण होतं आणि तो आलासुद्धा. डुकराच्या भाजलेल्या कातडीचा तुकडा तोंडात घालत मला म्हणाला, जेवू दे रे लोकांना, जेवण ज्याचं, मतही त्याचंच असं थोडंच असतं.

माझी नात लिलिंग मतदानानंतरच्या जूनमध्ये राजधानीच्या कचेरीत लागली, तो विषय अगदी वेगळा. ती टंकलेखनात पहिली आली होती.

मतदानाच्या सकाळी आमच्या वाडीची सगळी मंडळी तेर्योकडे भात आणि सुकी मासळी खाऊन, त्याच्याच ट्रकमधून शाळेत गेली. त्याची बायको फोर्तुनाता, देव तिला शांती देवो, दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातात बर्फाचा खडा देत होती, ऊन होतं म्हणून. तेव्हा मत म्हणजे कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं नाव लिहायचं. दुपारनंतर वर्गातच मोजणी. या पर्पेतुआ बाईच एकेक कागद उलगडून मोठ्यानं वाचायच्या आणि फळ्यावर रेघा पडायच्या.

बुएनाफे. बुएनाफे. बुएनाफे. दोनशे बारा मतदार आमच्या वाडीचे. खिडकीत उभं राहून तेर्यो ऐकत होता. पहिल्या दहा नावांना तो हसला, म्हणाला, गठ्ठा उलटा लागलाय. पन्नासाव्याला त्यानं खिडकीचा गज धरला. ज्यांनी सकाळी त्याची मासळी खाल्ली ती माणसं त्याच्या आजूबाजूला उभी होती आणि एकमेकांच्या मानेकडे बघत होती. शेवटी फळ्यावर त्याच्या नावापुढे तीन रेघा होत्या.

तीन. एक त्याची स्वतःची. एक फोर्तुनाताची. तिसरी कुणाची, हे दुसऱ्या दिवसापासून दोनशे दहा माणसं सांगू लागली. प्रत्येक जण दारात येऊन छातीवर हात ठेवून म्हणायचा, माझी. तेर्योनं सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि बर्फाच्या कारखान्याला कुलूप लावलं. पुन्हा कुठल्या बारशाला गेला नाही. सण असो, मयत असो, कुणाच्या हातचं खाल्लं नाही. आठव्या दिवशी फोर्तुनातानं मला निरोप पाठवला, भावोजी, ते जेवत नाहीत.

मी गेलो. तो यंत्राशेजारी बसला होता, यंत्र बंद होतं. मला म्हणाला, "पारे, तूही सांगणार का तिसरी रेघ तुझी म्हणून?"

आता अशा वेळी माणसानं काय करावं? मी म्हटलं, इतर लोक नुसतं म्हणतात, मी खूण सांगतो. आणि मग मी त्याला ते सांगितलं, जे त्यानंतर दर रविवारी सांगतो. त्याच्या डोळ्यात पाणी आलं. त्या संध्याकाळी तो जेवला. महिन्यानं हे छप्पर उभं राहिलं आणि खुर्च्या आल्या, दोन.

सगळ्यांना ठाऊक होतं की आता ती ओळ येणार. तेर्योचा हात दांड्यावर होता, मान थोडी माझ्याकडे. अकरा वर्षं तो ती ओळ अशीच ऐकतो, जणू पहिल्यांदा. मी जरा खोकलो. वगळता आली असती तर वगळली असती. पण मंडळी ओठ हलवून तयार बसली होती, म्हणून मी म्हणालो, आणि सगळा बाक माझ्याबरोबर म्हणाला:

"मी कागदावर लिहिलं: एलेउतेरिओ माग्साम्बोल. आणि खाली लिहिलं: पारे, जग फिरलं तरी मी तुझा."

टाळ्या पडल्या. तेर्योनं माझ्या वाडग्यात तिसरा गोळा टाकला.

पर्पेतुआ बाईंनी चमचा खाली ठेवला. रुमालानं ओठ टिपले. वर्गात चुकलेल्या पोराला उभं करायच्या त्याच आवाजात, फार मोठ्यानं नाही, त्या म्हणाल्या, "बास्त्यान, नावाखेरीज एक अक्षर जास्त असलं तर मत बाद करायचं, असा नियम होता. त्या पेटीतले सगळे दोनशे बारा कागद मी माझ्या हातानं उलगडले. बाद एकही नव्हता. आणि तिसरी रेघ माझी होती."