मास्तरांच्या बाजूचा क्लच

"रेस दे, अजून दे!" मास्तर ओरडले, आणि सूनबाईनं दिली. इंजिन बोंबललं, गाडी मात्र जागची हलेना. पाण्याच्या टाकीमागच्या चढावर ती मधेच लटकली आणि मग हळूच मागे सरकायला लागली. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. जळका वास आत भरला.

"बाबा, क्लच घसरतोय."

"क्लच घसरत नाही. तू घाई करतेस."

असं म्हणाले खरे, पण तो वास त्यांना चांगला ठाऊक होता. त्यांनी काच खाली केली, पुन्हा वर केली, घड्याळ पाहिलं. उद्या सकाळी परीक्षा, आणि गाडी अशी रुसून बसलेली.

गाडी मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलची. वयानं म्हातारी, पण पत्रा अजून चकचकीत. तिला क्लच दोन आणि ब्रेकही दोन, एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या. या गाडीवर मास्तरांनी अख्ख्या गावाला स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं. आरशात फक्त आपला भांग बघणारा न्हावी त्यांच्या हाताखाली पास झाला. डावं-उजवं न कळणाऱ्या बालवाडीच्या बाईसुद्धा पास झाल्या. आणि घरची सून दोनदा नापास! दोन्ही वेळा चढावर. परीक्षा घेणारे साहेब मास्तरांच्या जागेवर बसले, मास्तर खाली उभे राहिले, आणि गाडी आचके देत बंद पडली. गाव तोंडावर काही म्हणालं नाही, पण चहाच्या दुकानात मास्तर शिरले की बोलणं थांबायचं.

नाक कापलं गेलं त्याचं दुःख होतंच. पण खरी गोष्ट वेगळी होती. सून नर्स होती आणि तिला डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात नेमणूक मिळाली होती. तिथं जीप घेऊन वस्त्यावस्त्यांवर जायचं, बाळंतिणी बघायच्या. राहायला क्वार्टर, शेजारी शाळा. फक्त लायसन्स हवं. या वेळीही नाही मिळालं तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होती. मिळालं तर सून चिमणीला घेऊन जाणार. चिमणी म्हणजे मास्तरांची नात. मुलगा जहाजावर, वर्षातून एकदा पाहुण्यासारखा येणारा. म्हणजे घरात उरणार मास्तर, त्यांची बायको आणि भिंतीवरचं घड्याळ.

मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं होतं की सून जाते आहे याचा आपल्याला फार अभिमान वाटतो. इतक्या वेळा सांगितलं की बायको शेवटी म्हणाली, "अहो, कळलं आम्हाला."

सुनेला घरी सोडून ते तडक गॅरेजवर गेले. मिस्त्रीनं गाडी एकदा पुढंमागं करून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"मास्तर, गेल्या वर्षीच तर क्लचची नवी प्लेट टाकली आपण. खाल्ली की हिनं!"

"विद्यार्थी असतात रे. एकेकाचा पाय म्हणजे हातोडा."

"विद्यार्थी तर आधीही होते. आधीची प्लेट किती वर्षं गेली!" मिस्त्री गाडीखाली सरकला. "नवी उद्या दुपारशिवाय येत नाही."

"परीक्षा सकाळी आहे!"

"मग केबल जुळवून देतो. सकाळपुरती ओढेल. फक्त कुणी क्लच अर्धवट दाबून ठेवायचा नाही, नाहीतर रस्त्यातच बसेल. तुमच्या बाजूला बसा जरा. मी सांगेन तेव्हा दाबा, सांगेन तेव्हा सोडा."

मास्तर बसले.

"दाबा. हं. सोडा." खाली पाना खडखडला. "अहो, सोडा की."

"सोडलाय."

"कुठं सोडलाय? केबल ताणलेली दिसतेय मला इथून."

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा बूट पेडलवर होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला, झोपलेल्या पोराच्या अंगावर हात राहावा तसा. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला.

मिस्त्री काम करत राहिला. मास्तरांना चैन पडेना. उद्या काय होईल? पास झालीच तर सामान बांधायला किती दिवस मिळतील? चिमणीला तिथली थंडी सोसेल का? रात्री ती आजीच्या कुशीशिवाय झोपत नाही, तिथं कुणाच्या कुशीत शिरणार?

"मास्तर, परत!"

बूट पुन्हा पेडलवर होता. कधी गेला, त्यांना कळलंसुद्धा नव्हतं.

"सवय," मास्तर म्हणाले.

"असेल," खालून आवाज आला. "पण हल्ली गाडीवर असतं कोण? सूनबाईच ना एकटी?"

"एकटीच."

मास्तरांनी बुटाकडे पाहिलं. सवय कसली? न्हाव्याच्या वेळी ते या जागेवर बसून पेपर वाचायचे. बालवाडीच्या बाई गाडी चालवत असताना तर त्यांना डुलकी लागायची. पाय पसरलेले असायचे ऐसपैस, वेळ आली तरच पेडलकडे वळायचे. सुनेच्या वेळीच तेवढा हा पाय पेडलवर जाऊन बसत होता. ती क्लच सोडायची आणि हे इकडून धरून ठेवायचे. तिला वाटायचं, गाडी अशीच असते. साहेब पेडलला पाय न लावता बसले की तिच्या पायाखाली भलतीच गाडी यायची. आपल्याला ती जायला नको आहे, ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. स्वतःलाही नाही.

ऊन उतरल्यावर त्यांनी सुनेला पुन्हा टाकीमागच्या चढावर नेलं. गाडी पायथ्याशी उभी राहिली. मास्तरांनी बूट काढले, पाय वर घेतले आणि सीटवर जेवायला बसल्यासारखी मांडी घातली.

"बाबा, हे काय?"

"गुडघे आखडलेत. तू चालव."

पहिल्यांदा गाडी आचका देऊन बंद पडली. दुसऱ्यांदा बंद पडून मागं गेली, बरीच मागं गेली, आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दोन्ही हातांनी आपलेच घोटे गच्च धरून ठेवले. ब्रेक सुनेनंच दाबला.

"एवढंसं सोडलं तरी लगेच धरतोय," ती म्हणाली. "आता हळू सोडते."

मास्तर काही शिकवायला गेले नाहीत. तिसऱ्यांदा इंजिनाचा आवाज खोल गेला, गाडीचं नाक जरासं उचललं गेलं, आणि ती निघाली. सावकाश, न कुरकुरता, टाकीच्या भिंतीला धरून थेट वरपर्यंत. सुनेनं हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

मास्तरांनी मांडी मोडली नाही. बोलायला हवं होतं, पण सुरुवात कशी करावी ते सुचेना.

"सूनबाई, त्या दोन्ही वेळा तू जी नापास झालीस ना—"

"मला माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"पहिल्या परीक्षेतच कळलं. साहेब बसले आणि क्लच सोडताच लगेच धरला. तेव्हाच म्हटलं, म्हणजे इतके दिवस इथं अजून एक पाय होता."

मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

"मग बोलली का नाहीस? एका शब्दानं सांगायचंस! दुसरी संधीही घालवलीस गं."

तिनं स्टिअरिंगवरची नसलेली धूळ अंगठ्यानं पुसली.

"म्हटलं, तुम्ही पाय काढाल तेव्हा जाईन."

खाली गावात दिवे लागायला सुरुवात झाली होती. मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. मग वाकून बूट शोधले आणि लेस बांधण्यात बराच वेळ घालवला.

"त्या क्वार्टरपाशी," ते खाली वाकूनच म्हणाले, "आम्ही आलो, तर गाडी लावायला जागा आहे ना?"

"आहे," सून म्हणाली. "पण चढावर आहे, बाबा."

"असू दे," मास्तर म्हणाले. "तू खाली येऊन वर घेऊन जा."